कावीळ: ‘कुठली?’ हे आम्ही विचारलंच नाही

वारणाकाठ
९ ऑगस्ट, रात्री १०:१२

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. आता वन्सं दवाखान्यातून घरी आल्यात, बाळ अजून काचेच्या पेटीत आहे पण वजन धरायला लागलंय. म्हणून आज बसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भाऊजींना कावीळ झाली. वय २४. आधी चार दिवस कणकण, अन्नावरची वासना उडालेली, चहाचा वाससुद्धा नको. मग लघवी कोऱ्या चहासारखी, आणि त्यानंतर डोळे पिवळे. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि ‘कावीळ आहे, विश्रांती घ्या, तेलकट बंद’ एवढं सांगितलं. रक्त तपासलं नाही. तपासा असं आम्हीही म्हटलं नाही. सासूबाईंनी पलीकडच्या गावातून माळ आणली, उसाचा रस सुरू झाला आणि तीन आठवड्यांत भाऊजी हिंडाफिरायला लागले. माळेचा गुण आला असं सगळं घर म्हणालं. मीही म्हणाले.

त्याच घरात वन्सं होत्या. पहिलटकरीण, सातवा महिना, डोहाळजेवण करून बाळंतपणाला माहेरी आणलेल्या. सगळ्यांचं लक्ष भाऊजींकडे. त्या उलट भाऊजींना पेज करून द्यायच्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना मळमळायला लागलं. पोटुशी बाई, मळमळणारच, यात दोन दिवस गेले. मग डोळे पिवळे. पुन्हा तीच माळ. या वेळी मी हट्ट करून तालुक्याला नेलं, रक्त काढलं. बिलिरुबिन ८.४, एसजीपीटी २१००. तीन दिवसांनी परत तपासलं तर एसजीपीटी ६४०. आम्हाला इतका आनंद झाला की सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्याच कागदावर बिलिरुबिन १४ झालेलं होतं, आणि खाली एका ओळीत आयएनआर २.१ असं छापलेलं होतं. त्या ओळीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ती कशाची, हेच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी वन्सं सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बघते तर खडे सुपात ठेवतायत आणि चांगला तांदूळ वेचून खाली टाकतायत. म्हटलं, वन्सं, अहो उलटं चाललंय. त्यांनी वर बघितलं आणि मला ‘आत्या’ म्हणाल्या. दिवसा गाढ झोपायचं आणि रात्री टक्क जागं, हे दोन दिवस चाललेलं. उकाड्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

रात्री अकराला गाडी काढली आणि पुण्याला नेलं. आयसीयूत घेतल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला: “घरात आधी कुणाला झाली होती? त्यांची कुठली होती?” मी गप्प. वन्संची हिपॅटायटिस ई निघाली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या बायकांत शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत दगावतात, हे मला त्या रात्री कळलं. भाऊजींची एक चाचणी झाली असती तर भाऊजींच्या औषधात काही फरक पडला नसता, हेही त्यांनीच सांगितलं. पण घरात दुसरं कोण आहे इकडे सगळ्यांचं लक्ष गेलं असतं.

चाचण्यांबद्दल समजेल अशा मराठीत कुणी जाणकार लिहील का? माझ्यासारख्या हजार घरांत हे कागद येतात आणि आम्ही फक्त जाड अक्षरातला आकडा बघतो.

---

तांबडी माती
९ ऑगस्ट, रात्री ११:०५

वाचून काटा आला. वन्सं आणि बाळ दोघांना आराम पडो. वाचतोय.

---

साधा_वैद्य
१० ऑगस्ट, सकाळी ६:५०

वारणाकाठ, तुम्ही तांदळाचं लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे, एमडी होऊन बावीस वर्षं झाली. नातेवाइकांनी असं काही सांगितलं की मी हातातलं काम सोडून उठतो. झोपेचं चक्र उलटणं, नावं चुकणं, सवयीच्या कामात गोंधळ होणं ही यकृत निकामी होत असल्याची पहिली खूण. रक्ताचा रिपोर्ट येण्याआधी ती घरच्यांना दिसते.

आता त्या कागदाबद्दल.

कावीळ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन एरवी १ च्या आसपास असतं. ते अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांत दिसतं. ते वाढायला तीन वाटा. तांबड्या पेशी जास्त फुटणं, यकृताच्या पेशींना सूज येणं, किंवा यकृतातून पित्त वाहून नेणारी नळी तुंबणं. नळी तुंबली असेल तर अंगाला खाज, शौचाला मातीसारखा फिकट रंग, आणि रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेज खूप वर. तिथे सोनोग्राफी उत्तर देते. सूज असेल तर एसजीपीटी वर जातं.

एसजीपीटी यकृताच्या पेशीच्या आत असतं. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. म्हणजे हा आकडा ‘आज किती पेशी फुटतायत’ एवढंच सांगतो. उरलेलं यकृत काम करतंय की नाही, हे त्यात नाही. साधारण ४० पर्यंतचा आकडा विषाणूच्या तीव्र काविळीत हजार-दोन हजार होतो आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्यातून आपोआप बरे होतात. म्हणून २१०० बघून मी घाबरत नाही. पण एसजीपीटी झपाट्याने खाली येतंय आणि बिलिरुबिन वर चढतंय, असं दिसलं की मी घाबरतो. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

मग काम कशावरून कळतं? आयएनआरवरून. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं यकृतच बनवतं, आणि त्यांतलं एक तर काही तासांतच संपतं. कारखाना बंद पडला की दिवसभरात माल संपल्याचं कळतं, तसं. साधारण माणसाचा आयएनआर १ च्या जवळ असतो. दीडच्या वर गेला आणि सोबत बुद्धीत गोंधळ दिसला, की त्याला आम्ही ‘तीव्र यकृत निकामी होणं’ म्हणतो आणि रुग्णाला यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवतो. तुम्ही रात्री अकराला गाडी काढलीत, सकाळची वाट बघितली नाहीत, हे तुम्ही बरोबर केलंत.

कुठलीही कावीळ असो, पहिल्या कागदात बिलिरुबिन आणि एसजीपीटीच्या शेजारी आयएनआर असलाच पाहिजे. नसेल तर मागून घ्या.

---

घेटुळी
१० ऑगस्ट, दुपारी १:३०

माळेबद्दल मी लिहायला हवं. माझे आजोबा माळ द्यायचे. लांबलांबून लोक यायचे, पैसे घेत नसत, नारळ तेवढा ठेवायचा. लहानपणी काड्या तोडून द्यायचं काम माझ्याकडे होतं. पुनर्नवेच्या, आमच्याकडे घेटुळी म्हणतात, ताज्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोऱ्याच्या दुहेरी फासात एकेक अडकवत जायचं. माळ बनते तेव्हा टोपीसारखी डोक्यावर बसेल एवढीच असते. मग काड्या वाळतात, बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा सुटत जातो आणि माळ गळ्यात, छातीवर, पोटापर्यंत उतरते. कावीळ उतरली म्हणून माळ उतरली, असं सगळे समजायचे.

कॉलेजात असताना मी एक माळ खुंटीला अडकवून ठेवली. तीही तेवढीच लांबली. आजोबांना दाखवायचा धीर झाला नाही. ते मनापासून द्यायचे, त्यांनी कुणाला फसवलं नाही, हे मला आजही ठामपणे म्हणायचं आहे. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं, त्याचंही तेच. हाताला आधी जो रस चोळतात तो चुन्यात पिवळा पडतो. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होतं. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव करून दाखवतात.

दहातले नऊ जण आपोआप बरे होणार असतील तर माळ देणाऱ्याच्या हाताला गुण आहेच असं गावाला वाटणार. दहावा माणूस कुठे गेला, त्याची मोजदाद आजोबांच्या अंगणात होत नव्हती. माळ घालायची तर घाला, पण रक्त देऊन आल्यावर घाला, एवढं मी आता घरोघर सांगतो.

---

नळी_नंबर_७
१० ऑगस्ट, रात्री ९:१५

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतक्या मायेने आणि इतक्या खरेपणाने फार कमी लोक लिहितात.

मी लॅबमध्ये आहे. दोन-तीन गोष्टी आमच्या टेबलावरच्या. बिलिरुबिनची नळी उजेडात, त्यातही उन्हात पडून राहिली तर आकडा कमी येतो. खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवरून मोटारसायकलच्या डिकीत नमुने येतात तेव्हा ती नळी काळ्या कागदात गुंडाळलेली असावी. रक्त काढताना ओढाताण होऊन पेशी फुटल्या, तर एसजीओटी (एसजीपीटीसारखंच पेशीतून सांडणारं, रिपोर्टात त्याच्या शेजारी असतं ते) विनाकारण वाढलेलं दिसतं. आणि आयएनआरसाठीची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली पाहिजे, अर्धवट भरली तर आकडा चुकतो.

‘कुठली कावीळ’ यासाठी चार चाचण्या एकदम मागा. हिपॅटायटिस अ साठी आयजीएम, ई साठी आयजीएम, ब साठी एचबीएसएजी आणि क साठी अँटी-एचसीव्ही. आयजीएम म्हणजे शरीराने नुकतीच उभी केलेली फौज, आयजीजी म्हणजे जुन्या लढाईची आठवण. भारतात मोठ्या माणसांत अ चं आयजीजी बहुतेकांना असतं, त्यावरून आजच्या काविळीबद्दल काही कळत नाही. रिपोर्टवर ‘टोटल’ लिहिलं असेल, म्हणजे दोन्ही एकत्र मोजली असतील, तर परत विचारा.

---

साधा_वैद्य
१० ऑगस्ट, रात्री ११:४०

नळी_नंबर_७ यांनी अगदी नेमकं लिहिलं. यात एक भर घालतो, कारण या चुकीपायी मी माणसं उगाच खचलेली बघितली आहेत. काविळीच्या रुग्णाची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली की लगेच ‘ब झाली’ म्हणून मोकळे होऊ नका. ब चा विषाणू अनेकांच्या अंगात जन्मापासून गुपचूप असतो. आजची कावीळ अ किंवा ई ची असू शकते आणि ब फक्त योगायोगाने सापडलेली. नव्याने झालेली ब ओळखायला त्या विषाणूच्या गाभ्यातल्या (कोअर) प्रथिनाविरुद्धचं आयजीएम लागतं. क च्या बाबतीत उलटी अडचण. प्रतिद्रव्यं दिसायला दोन-अडीच महिने लागू शकतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह आलं म्हणून क नाहीच असं होत नाही. संशय असेल तर आरएनए, म्हणजे खुद्द विषाणूचं जनुकीय द्रव्य, तपासतात.

---

भाकरीतुकडा
११ ऑगस्ट, सकाळी १०:२०

आमच्याकडे ‘पांढरी कावीळ’ म्हणतात ती हीच ब का? माझ्या भावाला रक्तदान शिबिरानंतर पत्र आलं. डोळे पिवळे नाहीत, काही त्रास नाही. घरात त्याचं ताट-वाटी वेगळी केलीय. तो जेवताना कोपऱ्यात बसतो. बघवत नाही.

---

साधा_वैद्य
११ ऑगस्ट, दुपारी ३:००

हो, लोक पांढरी कावीळ म्हणतात ती बहुतेक वेळा ब असते. भाकरीतुकडा, आजच त्याचं ताट तुमच्या ताटाशेजारी मांडा. ब एकत्र जेवण्याने, पाणी पिण्याने, मिठी मारण्याने पसरत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जाते. रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा आणि ज्यांना नाही त्यांना लस द्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून ती टिकून आहे का बघतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ब आणि क ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा. मोठ्या माणसाला नव्याने ब झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत ती कायमची राहते. जन्मताना आईकडून बाळाला झाली तर नव्वद टक्के राहते. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत ती लस.

---

पाटाचं पाणी
११ ऑगस्ट, रात्री ८:४५

निवृत्त शिक्षक, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. ई ची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिची पाळंमुळं आपल्याच देशात आहेत.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. साधारण २९ हजार लोक पिवळे झाले. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझीराबादला जिथून शहराचं पाणी उचलत तिथे उलटं आलं. जलकेंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. टायफॉइड उसळला नाही. विषाणू मात्र निसटला. गरोदर स्त्रियांचे मृत्यू तेव्हाच नोंदले गेले. पुढे कित्येक वर्षं सगळे तिला अ समजत राहिले. साठवून ठेवलेले ते रक्तनमुने १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर तपासले. ती अ नव्हती आणि ब ही नव्हती. काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीवर काम करणारे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला आले. १९८३ साली रशियाच्या मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या मलाचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच मलातून विषाणू दाखवला.

म्हणजे ‘कुठली?’ हा प्रश्न दिल्लीत विचारायला पंचवीस वर्षं लागली. वारणाकाठ, तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. इचलकरंजीत २०१२ साली आलेली साथही ई चीच. ती तुमच्यापासून लांब नाही.

---

स्लावकर
१२ ऑगस्ट, पहाटे २:३०

इंग्लंडमध्ये राहते. मागच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन पुण्याला महिनाभर आले होते, परतल्यावर थोरल्याला अ झाली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याला लहानपणीच नकळत होऊन जाते, इथे वाढलेल्या मुलांना होत नाही, म्हणून भारतातून आल्यावर तीच आजारी पडतात. इथे अ ची लस सगळ्या मुलांना देत नाहीत, प्रवासाआधी मागून घ्यावी लागते. ‘आजीकडेच तर जातोय’ म्हणून मी मागितली नव्हती. यंदा निघणाऱ्यांनी मागून घ्या.

---

शिवार_४१६
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टोनेही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) डोळे पिवळे होतात. गेल्या वर्षी चुलत्यांना घरच्यांनी कावीळ म्हणून चार दिवस घरी ठेवलं.

---

साधा_वैद्य
१२ ऑगस्ट, दुपारी २:१५

शिवार, फार बरं केलंत आठवण करून दिलीत. कोकणात पावसाळ्यात मी पिवळे डोळे बघितले की आधी पोटऱ्या दाबतो. लेप्टोत पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे पिवळ्याबरोबर लालही असतात, लघवी कमी होते. बिलिरुबिन पंधरा-वीस आणि एसजीपीटी मात्र दीडशे-दोनशे, असा विजोड दिसतो. आणि ताप. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे व्हायच्या सुमाराला ताप बहुधा उतरलेला असतो. डोळे पिवळे आणि ताप चढताच असेल तर लेप्टो, मलेरिया, डेंगी शोधायलाच हवेत. लेप्टोला साधी प्रतिजैविकं आहेत, पण ती वेळेत पडली पाहिजेत.

आणि औषधं. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला उलट्या आणि पिवळी लघवी दिसली तर त्याच दिवशी केंद्रावर जा. मनाने गोळ्या सोडू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, एसजीपीटी बघूनच ठरतं. तापासाठी पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी तीन दुकानांतून घेतलेली माणसं येतात, दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे ते यकृतावर उठतं. काढे, चूर्णं, व्यायामशाळेतल्या पावडरी, सगळं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद असू दे, पण मला माझ्या रुग्णाने काय घेतलं ते कळलंच पाहिजे. हे लपवलं की आम्ही अंधारात चाचपडतो.

---

नळी_नंबर_७
१२ ऑगस्ट, रात्री १०:००

उसाच्या रसाचं राहिलं. साखर अंगात जाते, उलट्या होत असतील तर तरतरी येते, ते खरं. पण गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा? बरा होणारा माणूस दुसरी कावीळ घेऊन येऊ शकतो. घरी धुऊन काढलेला रस, बर्फ न घालता. आणि वरण-भात, दूध, अंडी बंद करू नका. उकडलेल्या बटाट्यावर दिवस काढून माणसं नुसती खंगतात. हळद बंद केल्याने डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही.

---

वारणाकाठ
२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय. बाळ परवा घरी आलं. २ किलो १००. वन्संचा आयएनआर १.१, बिलिरुबिन दीड. आता तो कागद मी खालून वर वाचते.

साधा_वैद्य, तुमच्याशी व्यनितून (खासगी निरोपातून) बोलणं झालं तेव्हा तुम्ही म्हणालात की भाऊजींना झाली त्याच दिवसांत वन्संच्याही पोटात विषाणू गेला असेल, कारण लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे कदाचित टळलीच नसती. पण पहिल्या मळमळीलाच रक्त काढलं असतं. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

तुमच्या सांगण्यावरून मी आशाताईंना घेऊन आमच्या गल्लीतली घरं फिरले. सहा घरांत जूनपासून कुणी ना कुणी पिवळं झालेलं. सगळ्यांच्या घरी माळ. कुणाचाच रिपोर्ट नाही, म्हणून साथ आहे हे आरोग्य केंद्राच्या कागदावर कुठे नाहीच. दोघांचं रक्त आम्ही जाऊन दिलं, दोन्ही ई. तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेलो तेव्हा हालचाल झाली. एका दिवसाआड पाणी येतं. पाणी बंद असताना रिकामी पाइप आजूबाजूचं ओढून घेते. देवळामागचा व्हॉल्व्ह उघडला तर खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला आणि पाइपचा जोड सुटलेला. खड्डा उपसला, जोड बदलला, वाहिनी टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने धुऊन काढली. गल्लीत अजून दोघी गरोदर आहेत, त्यांचं रक्त काल घेतलं, दोघींचंही निगेटिव्ह आलं. दोघी उकळलेलंच पाणी पितात, मी रोज विचारून येते.

ओटी टेस्ट कशी करायची ते जलसुरक्षक दादांनी मला शिकवलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जूनपासून आमच्या टोकाच्या घरापर्यंत येईतो ते पांढरंच राहत असणार. आज सकाळी सव्वासहाला नळ आला. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी थेंब टाकले आणि नळी त्यांच्यासमोर धरली. पिवळी झाली.